बाई आल्या

बरणीचं झाकण सैल होतं.

बिस्किटांची ती बरणी बाईंनी सकाळी स्वतःच्या हातानं बंद केली होती, आणि बाईंनी बंद केलेलं झाकण म्हणजे शेजारच्या पैलवानालाही दोनदा विचार करायला लावणारं. शिवाय ते फिरकीचं. एका हातानं बरणी धरायची, दुसऱ्यानं झाकण फिरवायचं, तेव्हा कुठे ते उघडायचं. घरात माणसं दोनच. त्यातल्या बाई तासभर बाजारात होत्या. राहिले पेंटर, आणि पेंटरांना एकच हात होता. निदान जगाला दाखवायला तरी एकच.

पाच महिन्यांपूर्वी पेंटरांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, बोलणं सावरलं, वाकडं झालेलं तोंडही जागेवर आलं. हात मात्र राहिला तो राहिलाच. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला हात. दोरी न लावता सरळ रेघ ओढणारा. तो आता दिवसभर त्यांच्या मांडीवर पडून असायचा, आणि बाई तो उचलून बाहीत घालायच्या, उचलून धुवायच्या, उचलून उशीवर ठेवायच्या.

"बिस्किट खाल्लंत?" बाईंनी बाहेर येऊन विचारलं.

"नाही बुवा," पेंटर म्हणाले. त्यांच्या सदऱ्यावर चुरा होता.

बाईंनी चुरा झटकला. एकतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला गप्प कधी राहायचं ते कळतं. गल्लीतले सगळे त्यांना बाईच म्हणायचे, वाणी म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, लग्नाचा नवरासुद्धा म्हणायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी पकडावी तर बाईंनीच, अशी त्यांची ख्याती होती. एका पोरानं चिठ्ठी बुटाच्या तळाला चिकटवली होती. बाईंनी ती त्याच्या चालीवरून ओळखली. त्यांचा सिद्धांत साधा होता. निरागस चेहरा दिसला की आधी त्याचे खिसे तपासायचे.

आणि पेंटर गेले आठ दिवस फारच निरागस दिसत होते.

एरवी बाईंनी बिस्किटाचं मनावर घेतलं नसतं. पण शुक्रवारी तपासणी होती. हाताच्या उपचारकेंद्रात बारा आठवड्यांसाठी जागा मिळाली होती, ते बारा आठवडे संपत आले होते. शुक्रवारी मोठे डॉक्टर हात बघणार. फरक दिसला तर आणखी बारा आठवडे. नाही दिसला तर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला, आणि पेंटरांनी डाव्या हातानं जगायची सवय करून घ्यायची. डॉक्टरांनी हे दोन्ही पर्याय एकाच सुरात सांगितले होते, त्याचा बाईंना अजून राग होता. डाव्या हातानं जेवता येईल, दाढी होईल. पाटी रंगवता येणार नाही.

म्हणजे हात चालत असेल आणि हा माणूस तो लपवत असेल, तर शुक्रवारी तो कायमचा जाणार होता. पण कोणी लपवेल कशाला?

"सोंग गं, ताई," धाकटी बहीण फोनवर म्हणाली. उंटावरून शेळ्या हाकण्यात तिचा हात कोणी धरला नसता. "पाच महिने आयतं मिळतंय. अंघोळ घालतेस, घास भरवतेस. कोण बरं होईल? मी तर जन्मात झाले नसते."

"तसे नाहीत गं ते."

"सगळे तसेच असतात. तू डोळे उघडे ठेव."

हे बाईंना सांगायची गरज नव्हती. मंगळवारी त्यांनी रेडिओच्या बटणाला अंगाची पावडर चोपडली आणि कोपऱ्यावरच्या वाचनालयात जाऊन आल्या. परतल्या तेव्हा रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. जाताना तो बंद होता. पेंटरांचा उजवा अंगठा बाईंनी टॉवेलनं पुसायच्या निमित्तानं हातात घेतला. वास यायला नाक लावायचीही गरज पडली नाही, नखाच्या कडेला पांढरी रेघच होती.

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते एकट्याचं काम नव्हतं. केंद्रातली थेरपिस्ट मुलगी हाताचा व्यायाम घ्यायला आठवड्यातून दोनदा घरी यायची. लहानखुरी, हसरी, पायात कापडी बूट. बाईंना ती पहिल्या दिवसापासून आवडली होती, म्हणूनच आता तिचा जास्त संशय आला. मंगळवारी संध्याकाळी ती आली. बाई चहा टाकायला आत गेल्या, गॅस पेटवला आणि पुन्हा बंद केला. गॅसच्या आवाजात नीट ऐकू येत नाही.

"बाईंना कळलं नाही ना?" मुलगी विचारत होती.

"छे! रोज कोणत्या तरी निमित्तानं बाहेर पिटाळतो."

"लिहिताय ना सगळं?"

"खिशातच आहे."

त्यावर दोघंही हसली. बाई आत उभ्या होत्या, हातात साखरेचा चमचा. खरं सांगायचं तर त्यांना राग आला नाही, आधी वाईटच वाटलं. पाच महिने ज्या माणसासाठी जिवाचं रान केलं, तो परक्या पोरीबरोबर हसतो आणि आपल्याला बाहेर पिटाळतो. राग त्याच्या मागून आला, आणि चांगला भरपूर आला.

बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाई म्हणाल्या, "पुस्तक बदलून येते."

"कालच आणलंस ना?"

"वाचून झालं."

"मग जा, जा. सावकाश ये. पाय मोकळे कर." पेंटरांचा चेहरा असा निष्पाप की बाईंना तिथेच झडती घ्यावीशी वाटली.

त्या पुढच्या दारानं गेल्या, घराला वळसा घातला आणि मागच्या दारानं चपला हातात घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या. वय त्रेसष्ट, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. पण एकतीस वर्षं बाकांच्या रांगांमधून मांजरीच्या पावलांनी फिरलेलं माणूस ते विसरत नाही. मधल्या दाराच्या फटीला त्यांनी डोळा लावला.

पेंटर उठले होते. कपाटामागून त्यांनी डाव्या हातानं एक काळा पत्रा ओढून काढला. कुठल्या तरी दुकानाची न रंगवलेली जुनी पाटी. ती टेबलावर टेकवली. मग वाटीत पाणी, आणि जाडसर ब्रश. ब्रशच्या दांड्याला फडक्याची पट्टी गुंडाळून ती मुठीत मावेल अशी जाड केली होती. हे सगळं आयतं तयार होतं, म्हणजे आजचं नव्हतं.

ते खुर्चीत बसले आणि उजव्या हाताकडे बघत राहिले. मग तो हात उठला. कोणी न उचलता, आपला आपण, आधी खांदा वर, मग कोपर लांब, मग मनगट लटकत मागून. बोटं टेबलावर आदळली. त्यांनी ती उघडायचा प्रयत्न केला. अंगठा हलला, बाकीची चार हलली नाहीत. पेंटरांनी एक सणसणीत शिवी हासडली, जी बाईंनी त्यांच्या तोंडून बेचाळीस वर्षांत ऐकली नव्हती. पुन्हा प्रयत्न. बोटं ब्रशभोवती आली, ब्रश निसटून गडगडला. पुन्हा. चौथ्या की पाचव्या वेळी मूठ मिटली.

ब्रश पाण्यात बुडाला आणि पाटीला टेकला. काळ्या पत्र्यावर ओली रेघ उमटली, खाली येताना वाकडी झाली, थांबली, पुन्हा निघाली. 'अ' होता. म्हणजे 'अ' असावा, अशी शंका घ्यायला जागा होती. पहिलीच्या पोरानं काढला असता तर बाईंनी दहापैकी तीन दिले असते. पेंटर मागे रेलून त्याच्याकडे बघत असतानाच तो वाळून नाहीसा होऊ लागला. पुरावा आपोआप पुसणारी कॉपी! इतकी हुशारी बाईंनी आयुष्यात पाहिली नव्हती.

त्यांना राहवलं नाही. दार ढकलून त्या आत आल्या. "पकडलं! रंगेहाथ!"

ब्रश खाली पडला. पेंटर दचकून वळले. "रंग कुठाय? पाणी आहे नुसतं."

"विनोद नकोत. हात चालतोय तुमचा! चालतोय आणि मला सांगत नाही? मी मूर्ख का रोज तुमच्या तोंडात घास घालायला? परवा शुक्रवार आहे, माहीत आहे ना? तिथं काय करणार आहात, मांडीवर ठेवून बसणार आहात?"

"अगं, ऐक तरी."

"नाही ऐकायचं. करून दाखवा. आत्ता, माझ्यासमोर."

पेंटरांनी हाताकडे बघितलं. खांदा वर झाला. कोपर दोन बोटं सुटलं आणि तिथेच थांबलं. थरथरायला लागलं. पेंटरांच्या कपाळावर घाम आला, त्यांनी बाईंकडे बघितलं, आणि हात धप्पदिशी मांडीवर पडला.

"राहू दे, राहू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी वाकून ब्रश उचलला, पेंटरांची बोटं एकेक करून उघडली, दांडा आत ठेवला आणि वरून आपली मूठ वळली. "हं. आता धरा."

"बघितलंस?" पेंटर म्हणाले.

"काय?"

पेंटर नुसतेच हसले, आणि त्या हसण्यात काही मजा नव्हती. बाईंना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी तळहात पुढे केला. वर्गात पुढे करायच्या तसाच, बोटं जुळवून.

"खिशातली चिठ्ठी काढा."

"तुला कसं कळलं?"

"काढा."

पेंटरांनी सातवीतल्या पोरासारखी मुकाट्यानं चिठ्ठी काढून दिली. चार घड्या घातलेला वहीचा कागद. अक्षर उजव्या हाताचं होतं, हे बाईंनी पाहताक्षणी ओळखलं, कारण डाव्या हातानं माणूस इतकं वाईट लिहू शकत नाही. एकेक अक्षर अंगठ्याएवढं. बाईंनी चष्मा लावला.

*सोमवार. बरणी उघडली. सात मिनिटं.*
*सोमवार. बाही. बाई आल्या.*
*मंगळवार. रेडिओ. जमलं.*
*मंगळवार. चमचा. बाई आल्या.*
*मंगळवार. कंगवा. बाई आल्या.*
*बुधवार. चप्पल. बाई आल्या.*

मागे आणखी तसंच होतं, आठ दिवसांचं. जमलं, जमलं नाही, बाई आल्या. जमलं, बाई आल्या, बाई आल्या.

'बाई आल्या!' शाळेच्या लांब व्हरांड्यात त्या वळल्या की वर्गावर्गातून हीच कुजबुज पुढे पळायची. गोंगाट बंद, बाकांची हालचाल बंद, पोरांचे हात वहीवर आणि मान खाली. बाईंना ती कुजबुज ऐकू यायची आणि मनातून फार आवडायची. आपल्या नुसत्या येण्यानं पन्नास पोरं जागच्या जागी थिजतात, याचा त्यांना अभिमान होता. आज तेच दोन शब्द नवऱ्याच्या वाकड्या हातानं लिहिलेले होते. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"मी काय केलंय हो?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"काही वाईट केलं नाहीस." पेंटर चाचरले. "मी बाहीत हात घालायला घेतो. निम्म्यात येतो. तू येतेस, म्हणतेस 'राहू दे', आणि घालून मोकळी होतेस. कंगवा उचलतो, 'राहू दे'. चमचा, 'राहू दे'. आता काय झालंय, तुझी चाहूल लागली की हाताला वाटतं आपलं काम संपलं. तो राहतो. मी सोंग करत नाही गं. तुझ्यासमोर खरंच होत नाही. मलाच भीती वाटायला लागलीय."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर लांब उभी राहिली असतीस तू? शेजारी येऊन 'करा, करा' म्हणाली असतीस, आणि दोन मिनिटांनी करून दिलं असतंस."

हे इतकं खरं होतं की बाईंना रागच आला. "मग काय बघत बसू? आमटी अंगावर सांडताना? गरम चहा?"

"हो," पेंटर म्हणाले. "बघत बस."

बाई रडल्या. रडायला फार वेळ घेणाऱ्या बाई त्या नव्हत्या. पदरानं डोळे पुसले आणि जे पाच महिने बोलल्या नव्हत्या ते बोलून टाकलं. त्या सकाळी मोरीत काहीतरी आपटल्याचा आवाज आला होता. त्या वर्तमानपत्र वाचत होत्या. जागेवरूनच ओरडल्या होत्या, 'काय पाडलंत?' उत्तर आलं नाही म्हणून चिडल्या आणि पान संपवलं. मग उठल्या. पेंटर फरशीवर पडलेले होते.

"दहा मिनिटं असतील," बाई म्हणाल्या. "मी नंतर कितीदा मोजली. दहा. म्हणून आता तुमचं जरा काही धडपडलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी आधीच पोचते."

पेंटरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं टेबल थोपटलं, कारण बाईंपर्यंत तो पोचत नव्हता. त्या संध्याकाळी चहा बाईंनी केला, आणि पेंटरांचा कप टेबलाच्या मधोमध ठेवून त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या. कप फुटल्याचा आवाज आला. त्या उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या, आणि शेवटी केरसुणी घेऊन बाहेर आल्याच.

गुरुवारी थेरपिस्ट मुलगी आली तेव्हा बाईंनी तिला दारातच गाठलं. "माझ्या पाठीमागे काय चाललंय हे मला कळलंय. विश्वास नव्हता माझ्यावर?"

मुलगी वरमली, पण मागे हटली नाही. "बाई, एक विचारू? परीक्षेच्या हॉलमध्ये एखादा शिक्षक पोराच्या शेजारी उभा राहून उत्तरं सांगायला लागला, तर तुम्ही काय केलं असतं?"

"हेडमास्तरांकडे तक्रार. लेखी."

"पोरावर माया असली तरी?"

"मायेचा काय संबंध? पेपर त्याचा आहे. उद्या त्याला..." आणि बाई थांबल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या शोधल्या, आणि स्वतः पाच महिने रोज नवऱ्याचा पेपर सोडवून देत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मेंदू नवी वाट पाडतोय," मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. "हात वापरला तरच पडते ती. तुम्ही वापरू देत नाही म्हणून मी त्यांना तुम्ही बाहेर असताना सराव करायला सांगितलं. तुम्हाला न सांगणं चुकलंच माझं."

"उद्या मी येत नाही तिकडे," बाई म्हणाल्या. "मी असले की त्यांचा हात राहतो."

"ते त्यांना ठरवू दे."

पेंटरांनी ठरवलं होतं. शुक्रवारी केंद्राच्या व्हरांड्यात बाई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा आत. मी इथेच बसते." पेंटर दारात थांबले.

"आत ये."

"अहो, नको. बारा आठवडे जातील हातचे."

"मला राहायचंय घरीच. तुझ्याबरोबर राहायचंय. तू गल्लीच्या टोकाला असशील तेव्हाच हात चालणार असेल, तर बारा आठवडे मिळून करायचंय काय?"

बाई उठल्या. आत गेल्या.

खोली लख्ख उजेडाची होती. एक टेबल, टेबलापलीकडे खांद्याच्या उंचीवर एक फळी, भिंतीवर घड्याळ. मोठे डॉक्टर, थेरपिस्ट मुलगी आणि कोपऱ्यात एक नर्स. बाई पेंटरांच्या उजव्या हाताला, चार पावलांवर खुर्चीत बसल्या. बसताना त्यांनी एक केलं. दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि वर पूर्ण भार टाकून बसल्या. त्यांना स्वतःची खात्री नव्हती.

पहिलं काम लाकडी ठोकळे उचलून डब्यात टाकायचं होतं. दहांतले चारच डब्यात पडले. डॉक्टरांनी चेहरा न हलवता काहीतरी लिहिलं. दुसरं काम कुलपात किल्ली फिरवायची, ते झालंच नाही. किल्ली दोनदा खाली पडली आणि दोन्ही वेळा बाईंचे खांदे पुढे आले. पेंटरांनी त्यांच्याकडे बघितलं. बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

"शेवटचं," डॉक्टर म्हणाले. "पाण्यानं भरलेला ग्लास टेबलावरून उचलून फळीवर ठेवायचा. दोन मिनिटं. करा सुरू."

बोटं उघडायला अर्धं मिनिट गेलं. मूठ ग्लासाभोवती वळली, सुटली, वळली. ग्लास उठला. टेबलापासून वीतभर वर आला आणि थांबला. बाईंना ते थांबणं पाठ होतं. कोपर थरथरलं, पाणी काठावरून मनगटावर आलं, मनगटावरून बाहीत. पेंटरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मान वळवली आणि बाईंकडे बघितलं, आणि त्या बघण्यात सरळ विनवणी होती. घे गं. घे माझ्या हातून.

बाईंच्या तोंडात शब्द तयार होता. त्यांनी तो गिळला.

ग्लास तिरपा झाला. पाणी डॉक्टरांच्या कागदांवर सांडायला लागलं. डॉक्टरांनी कागद उचलले, नर्स चटकन पुढे झाली आणि तिनं ग्लास धरायला हात पुढे केला.

"हात लावायचा नाही!"

एकतीस वर्षांच्या आवाजानं काचा हादरल्या असतील. नर्सचा हात हवेत राहिला, डॉक्टरांचं पेन राहिलं.

"वेळ संपलेली नाही," बाई म्हणाल्या. "बत्तीस सेकंद आहेत. पेपर त्यांचा आहे."

पेंटरांनी नजर बाईंवरून काढून ग्लासाकडे नेली. खांदा वर गेला. कोपर सुटलं. थांबलं. पुन्हा सुटलं. ग्लासाचा तळ फळीच्या कडेला आपटला, उरलेल्या पाण्यातलं अर्धं जमिनीवर गेलं, ग्लास मागे सरकला, पुन्हा पुढे गेला आणि फळीवर बसला. घड्याळात चार सेकंद उरले होते.

डॉक्टरांनी ओले कागद झटकले. "घरचं माणूस समोर असताना हे जमलं, ते बरं झालं," असं म्हणून त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि कागद मुलीकडे सरकवला. तिनं तो वाचून पेंटरांना बोटांनी खूण केली. एक आणि दोन. बारा.

"चल," पेंटर बाईंना म्हणाले. त्यांची बाही कोपरापर्यंत भिजली होती आणि नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता.

बाईंना उठता येईना. दोन्ही हात मांड्यांखाली इतके गच्च दाबले होते की पार बधिर झाले होते. बाहेर काढले तर मनगटाखाली काही आहे असं वाटतच नव्हतं. पर्स उचलायला गेल्या आणि बोटं वळली नाहीत. पर्स खाली पडली. पेंटर समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. उजवा. त्या हातात बाईला ओढून उठवण्याइतकी ताकद नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईंनी तो धरला आणि वाट बघत बसून राहिल्या.